सरकती शीव

इ. स. १८९३ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस, शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें इतिहासपंडितांची एक सभा जमली होती. त्या सभेंत रात्रींच्या बैठकींत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर नांवाच्या एकतीस वर्षांच्या एका अध्यापकानें एक निबंध वाचला. तो त्या दिवशीं फारसा गाजला नाहीं. प्रदर्शनाच्या आवाराला लागूनच बफेलो बिल ह्याचा घोडेस्वारांचा आणि गोळीबाराचा खेळ चालला होता, आणि लोकांची गर्दी अर्थातच तिकडे होती. पुढें दोन महिन्यांनीं ह्याच शहरांत सर्वधर्मपरिषदेपुढें स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, व त्यामुळें १८९३ चें शिकागो आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. टर्नरचें नांव मात्र कॉलेजाच्या भिंतींबाहेर क्वचितच ऐकूं येतें. तथापि अमेरिकन माणसास स्वतःविषयीं काय वाटतें हें समजून घ्यावयाचें असेल तर ह्या निबंधापासून आरंभ करणें सोईचें, असें आम्हांस वाटतें.

टर्नरचें सांगणें थोडक्यांत असें. अमेरिकन शिरगणतीचे अधिकारी दर चौरस मैलास दोन माणसांहून कमी वस्ती असलेला मुलूख उजाड समजत, आणि जेथें वस्ती संपून उजाड मुलूख सुरू होई तेथें नकाशावर एक रेघ ओढीत. दर दहा वर्षांनीं ही रेघ पश्चिमेकडे सरके. १८९० च्या शिरगणतीनंतर अधिकाऱ्यांनीं लिहिलें कीं, आतां अशी सलग रेघ ओढतां येत नाहीं. एका कारकुनी अहवालांतील हें वाक्य टर्नरनें उचललें आणि म्हटलें कीं, अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला खंड येथें संपला. अमेरिकन माणसाचा धीटपणा, त्याची समानतेची आवड, त्याची अस्वस्थता हें सारें यूरोपांतून आलेलें नसून ह्या सरकत्या रेघेवर घडलेलें आहे.

ज्याला इंग्रज फ्रंटियर म्हणतो त्यास मराठींत प्रतिशब्द शोधूं लागलें म्हणजे मोठी मौज होते. सरहद्द म्हणावें, तर सरहद्दीबरोबर ठाणें आलें, चौकी आली, पलीकडे दुसऱ्याचें राज्य आलें. शीव म्हणावें, तर शिवेवरचा दगड रातोरात हलविणारा मनुष्य आमच्या खेड्यांत महापातकी गणला जातो. वेस ही तर रात्रीं बंद व्हावयाचीच वस्तु. आमचे हे सारे शब्द थांबण्याचे आहेत. टर्नरचा फ्रंटियर म्हणजे वसाहतीची पुढें पुढें जाणारी कड. यूरोपांतील सरहद्दीहून ती निराळी, हें त्यानेंच निबंधाच्या आरंभीं बजावून ठेविलें आहे. पलीकडे कोणाचें राज्य नाहीं, नुसती मोकळी जमीन आहे, असें तेथें गृहीत धरलेलें असतें. ह्या 'मोकळी' शब्दांतच सारें पाणी मुरतें आहे. तूर्त आम्ही शीव हाच शब्द वापरतों. ती सरकती शीव आहे एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

अमेरिकन मनुष्य जात्याच हावरा, असें आपल्याकडील पोक्त मंडळी म्हणत असतात. आणि मुलगा तिकडे नोकरीस लागला म्हणजे अमेरिकन मनुष्य जात्याच उद्योगी, असें तीच मंडळी म्हणूं लागतात. स्वभावाच्या नांवावर इतिहास खपविण्याची ही रीत आम्हांस मान्य नाहीं. हाव सर्व मनुष्यांस आहे. विचार करण्याजोगा प्रश्न असा कीं, एका देशांत 'आणखी हवें' ही इच्छा केवळ क्षम्य न राहतां कायदा, कर्तव्य आणि देशभक्ति कशी झाली? ह्याचें उत्तर स्वभावांत शोधण्यापेक्षां जमिनीच्या दप्तरांत शोधावें.

इ. स. १७६३ त इंग्लंडच्या राजानें ॲपालेशियन पर्वतापलीकडे वसाहतवाल्यांनीं जमीन घेऊं नये असा जाहीरनामा काढला. तो कोणी मनावर घेतला नाहीं. जॉर्ज वॉशिंग्टन हा तरुणपणीं मोजणीदार होता. जाहीरनाम्यानंतर चारच वर्षांनीं त्यानें आपल्या एका मोजणीदार स्नेह्यास पत्र लिहिलें, कीं हा जाहीरनामा म्हणजे मूळ रहिवाशांची समजूत काढण्याची तात्पुरती तोड आहे. तेव्हां पलीकडील उत्तम जमिनी आतांच हेरून ठेवाव्या. राष्ट्रपित्याच्या चरित्रांतील हा भाग शाळेंतील पुस्तकांत नसतो. कोणत्याच देशांतील शाळेच्या पुस्तकांत असा भाग नसतो, हेंही खरें.

स्वातंत्र्य मिळालें तेव्हां नव्या सरकारची तिजोरी रिकामी आणि कर्ज डोक्यावर, अशी स्थिति होती. हातांत होती ती जमीन. १७८५ च्या कायद्यानें ओहायो नदीपासून पश्चिमेकडे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन आंखावयास प्रारंभ झाला. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्यांतील सोळावा भाग शाळेसाठीं राखलेला. मापाचें साधन म्हणजे इंग्रज गणिती एडमंड गंटर ह्याची ६६ फुटी साखळी. आमच्या मुंबई इलाख्यांतील मोजणीदारांची साखळी हिच्या निम्मी, ३३ फुटांची. तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हां हत्यार एकाच घराण्यांतलें; पण उपयोगांत केवढा फरक! येथें मोजणी झाली ती जो जमीन कसतो आहे त्याजवर सारा बसविण्यासाठीं. तेथें झाली ती, ज्यानें ती जमीन अजून डोळ्यांनीं पाहिलेली नाहीं अशा गिऱ्हाइकास ती विकण्यासाठीं. ओढा कोठें आहे, टेकडी कोठें आहे, कोणाचीं थडगीं कोठें आहेत, ह्याची विचारपूस त्या रेघेनें केली नाहीं. आजही शिकागोकडे विमानानें जातांना खालीं इलिनॉयचीं शेतें बुद्धिबळाच्या पटासारखीं दिसतात, तो ह्याच कायद्याचा पट.

ह्या व्यवस्थेंत एक गोष्ट खरोखर मोठी होती, ती सांगितली नाहीं तर अन्याय होईल. १७८७ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, नव्या मुलखांत पुरेशी वस्ती झाली म्हणजे तो मुलूख जुन्या संस्थानांच्या बरोबरीचें संस्थान व्हावा. त्याला वसाहत म्हणून खालीं ठेवावयाचा नाहीं. जिंकलेल्या वा विकत घेतलेल्या मुलखास बरोबरीचा हक्क देणारें राज्य जगाच्या इतिहासांत विरळा. अर्थात् हा हक्क तेथें जाऊन राहणाऱ्यांचा. तेथें आधींपासून राहत असलेल्यांचा नव्हे.

टॉमस जेफर्सन १८०१ त अध्यक्ष झाला, तेव्हां पहिल्याच भाषणांत त्यानें सांगितलें कीं, हजाराव्या पिढीपर्यंत पुरेल एवढी जागा आपल्या देशांत आहे. दोनच वर्षांनीं त्यानें नेपोलियनपासून दीड कोट डॉलरांस लुइझियानाचा प्रचंड प्रदेश घेतला आणि देश जवळजवळ दुप्पट केला. हजार पिढ्यांची बेगमी ज्याच्या घरीं आहे त्याला दुसरें कोठार कशास हवें, असा प्रश्न कोणी विचारल्याचें दिसत नाहीं. आणि १८९० सालीं शिरगणतीनें रेघ पुसली तेव्हां ह्या भाषणास नव्वद वर्षेंही झालेलीं नव्हतीं. म्हणजे पिढ्या फार तर चार.

आतां 'मोकळ्या' जमिनीकडे वळूं. चेरोकी लोकांची हकीकत येथें जरा विस्तारानें सांगावयास हवी. कारण मूळ रहिवासी रानटी होते, शेती करीत नव्हते, म्हणून त्यांची जमीन गेली, अशी समजूत आमच्यापैकीं शिकलेल्यांतही आढळते. गोऱ्या लोकांनीं ज्यास सुधारणा म्हटलें ती चेरोकींनीं अक्षरशः करून दाखविली. सिक्वोया नांवाच्या कारागिरास इंग्रजी वाचतां येत नव्हतें. पण कागदावर बोलणें उमटतें हें पाहून त्यानें स्वतःच्या भाषेसाठीं पंचाऐंशीच्या आसपास अक्षरांची लिपि रचली व १८२१ पर्यंत ती पुरी केली. एकट्या माणसानें, दुसरी कोणतीही लिपि न वाचतां, आपल्या भाषेस लिपि द्यावी असें उदाहरण इतिहासांत फार थोडें. थोड्याच वर्षांत चेरोकींमध्यें साक्षरता पसरली. १८२७ त त्यांनीं लिखित राज्यघटना केली आणि १८२८ त न्यू इकोटा ह्या राजधानींतून दोन्ही भाषांत वर्तमानपत्र काढलें. त्यांचीं शेतें होतीं, गिरण्या होत्या, शाळा होत्या. आणि त्यांच्यांतील श्रीमंतांपाशीं, गोऱ्यांचेंच पाहून, नीग्रो गुलामही होते.

पण त्याच सुमारास उत्तर जॉर्जियांत सोनें सांपडलें. १८३० त अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन ह्याच्या आग्रहानें मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहांत तो १०२ विरुद्ध ९७ मतांनीं कसाबसा पसार झाला. तेव्हां विरोध करणारे नव्हतेच असें नाहीं. १८३२ त सुप्रीम कोर्टानें चेरोकींच्या मुलखांत जॉर्जियाचा कायदा चालत नाहीं असा निकाल दिला. त्याच वर्षीं जॉर्जिया संस्थानानें चेरोकींच्या जमिनीची सोडत काढली. नुसत्या जमिनीच्या चिठ्ठीस १६० एकर आणि सोन्याच्या टापूंतील चिठ्ठीस ४० एकर! ज्यांचीं घरें अद्याप उभीं होतीं, ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्यांच्या परसांचे मालक चिठ्ठ्या उचलून ठरविण्यांत आले. १८३५ त मूठभर चेरोकींची सही घेऊन एक तह करण्यांत आला. त्याविरुद्ध बाकीच्यांनीं हजारों सह्यांचा अर्ज धाडला, तरी सेनेटनें तो तह एका मताच्या आधिक्यानें मंजूर केला. १८३८ च्या उन्हाळ्यांत लष्करानें घरोघर जाऊन माणसें छावण्यांत कोंडलीं आणि पुढें त्यांतील बहुतेकांस हिवाळ्यांत पश्चिमेकडे चालविलें. सुमारे सोळा हजारांपैकीं चार हजार मेले असा अंदाज आहे. चेरोकी लोक त्या रस्त्यास आसवांची वाट म्हणतात.

टर्नरच्या निबंधांत हे लोक जवळजवळ नाहींतच. रानटी अवस्था आणि सुधारणा यांची गांठ पडण्याची जागा, अशी त्याची शिवेची व्याख्या. तींत एका बाजूस माणसें आहेत आणि दुसऱ्या बाजूस अवस्था आहे. पॅट्रिशिया लिमरिक ह्या विदुषीनें १८८७ नव्हे तर १९८७ सालीं, म्हणजे टर्नरनंतर चौऱ्याण्णव वर्षांनीं, हें सारें उलटून मांडलें व पश्चिमेचा इतिहास हा मोकळ्या जमिनीचा नसून जिंकलेल्या जमिनीचा इतिहास आहे असें दाखविलें. इतकी उघड गोष्ट विद्वानांच्या ध्यानांत यावयास एवढा काळ लागावा, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. पुराणांत खांडववन जाळून राजधानी वसविल्याची कथा आपण किती पिढ्या ऐकत आलों. त्या वनांत राहणाऱ्यांची विचारपूस करणारे आपल्यांतही अलीकडचेच.

अलेक्सिस द तोकव्हिल हा फ्रेंच गृहस्थ तुरुंगांची पाहणी करण्याच्या निमित्तानें १८३१ त अमेरिकेंत आला. त्यानें दोन दृश्यें टिपून ठेविलीं आहेत, आणि एकाच माणसानें एकाच प्रवासांत तीं दोन्ही पाहावीं हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. पहिलें असें कीं, हे लोक सुखवस्तु असूनही स्वस्थ नाहींत. म्हातारपणासाठीं म्हणून मनुष्य घर बांधतो आणि छप्पर चढण्यापूर्वींच तें विकून टाकतो. दुसरें मेम्फिस येथील. कडाक्याच्या थंडींत चोक्टा जमातीच्या एका टोळीस मिसिसिपी ओलांडून नेत होते. आजारी, तान्हीं मुलें, मरणोन्मुख म्हातारे, सारे होते, आणि कोणी रडत नव्हतें. धनी नावेंत बसून चालले हें कळतांच त्यांच्या कुत्र्यांनीं मात्र आक्रोश केला आणि त्या बर्फाळ पाण्यांत उड्या टाकल्या. घर विकून पुढें निघालेला आणि घरांतून काढून पुढें नेलेला, अशा दोघांची दिशा एकच होती. किंबहुना पहिला चालता राहावा म्हणूनच दुसऱ्यास चालावें लागत होतें.

दक्षिणेंत ह्या सरकत्या शिवेवर चालत होता तो कापूस. कापसानें जॉर्जियाची जमीन निकस केली कीं मळेवाला अलाबामांत, तेथून मिसिसिपींत, तेथून टेक्ससांत जाई. स्वातंत्र्यापासून यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लक्ष गुलाम असे जुन्या संस्थानांतून नव्या मुलखांत नेण्यांत वा विकण्यांत आले. लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे चार-पंचमांश कापूस ह्या मळ्यांतून येई. १८६१ त युद्ध पेटून तो थांबला, आणि मग वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसाचे भाव आकाशास भिडले, हा इतिहास मुंबईकरांस सांगावयास नको. प्रेमचंद रायचंदांचा तो काळ, बॅक बे बुजविण्याच्या कंपनीचे ते शेअर, ज्यांचें भांडवल नव्हतें अशांच्याही त्या पेढ्या. आणि १८६५ त युद्ध संपल्याची बातमी येतांच कोसळलेला तो सारा डोलारा! चार वर्षांसाठीं शीव आमच्या दारांत आली होती. त्या चार वर्षांत समाधानाचा वारसा सांगणारे आम्ही लोक काय करीत होतों, हें पाहिलें म्हणजे अमेरिकन हावरटपणावर प्रवचन झोडण्याचा उत्साह ओसरतो. फरक एवढाच कीं आमची शीव चार वर्षांत मिटली, त्यांची शंभर वर्षें उघडी राहिली.

आतां पुन्हां १८९३ कडे येऊं. जुलै महिन्यांत टर्नरनें शीव संपल्याचें सांगितलें. सप्टेंबरच्या ११ तारखेस शिकागोंत सर्वधर्मपरिषद उघडली. आणि तिच्या पहिल्याच आठवड्यांत, १६ तारखेस ठीक दुपारीं बारा वाजतां, ओक्लाहोमांत बंदुकीच्या इशाऱ्यावर लाखावर माणसें घोड्यांवरून, गाड्यांतून, आगगाड्यांतून, कित्येक तर पायींच, सुमारे साठ लक्ष एकरांच्या एका पट्ट्यावर धांवलीं. जो पहिला खुंट ठोकील त्याची जमीन! हा पट्टा चेरोकींचा होता. जॉर्जियांतून हांकलतेवेळीं त्यांना जी नवी भूमि तहानें दिली होती तिचाच हा भाग. सरकारनें तो सुमारें पंचाऐंशी लक्ष डॉलरांस त्यांच्याकडून, दडपण आणून, घेतला होता. चारच वर्षांपूर्वीं, १८८९ त, शेजारच्या मुलखांत अशीच पहिली धांव झाली, तेव्हां इशाऱ्याच्या आधीं लपून आंत शिरलेल्या लबाडांना 'सूनर' असें नांव पडलें. आज ओक्लाहोमा संस्थान स्वतःस अभिमानानें सूनर संस्थान म्हणवितें. ज्यांना धांवण्याचा दम नव्हता त्यांच्यासाठीं १८८७ चा डॉज कायदा होता: जमातीची सामाईक जमीन कुटुंबवार वांटून द्यावयाची आणि उरलेली विक्रीस काढावयाची. त्या वर्षीं मूळ रहिवाशांपाशीं १३ कोटी ८० लक्ष एकर होते. १९३४ त ४ कोटी ८० लक्ष उरले.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लॉस एंजेलिस येथें पाटबंधाऱ्यांवर एक परिषद भरली होती. जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात युद्धांत गमावलेला भूगर्भशास्त्रज्ञ, कोलोराडो नदीच्या घळींतून नावेनें उतरलेला, तेथें बोलावयास उभा राहिला. शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस वर्षाला वीस इंचही पाऊस पडत नाहीं, तेथें १६० एकरांचा ठोकळा देऊन शेतकरी जगणार नाहीं, हें त्यानें १८७८ सालींच सरकारास लिहून दिलें होतें. आमच्या माणदेशांतील शेतकऱ्यास हें निराळें सांगावें लागत नाहीं. पण तिकडे 'नांगराच्या मागोमाग पाऊस येतो' असा सिद्धान्त आगगाडीच्या कंपन्यांनीं आणि जमिनीच्या दलालांनीं पसरविला होता, आणि त्यावर शहाण्यांनीं विश्वास ठेविला होता. सर्व जमीन भिजेल एवढें पाणीच ह्या मुलखांत नाहीं, तुम्ही भांडणांचा वारसा सांठवीत आहां, असें पॉवेलनें बजावतांच सभेनें त्याची हुर्यो उडविली. हेतु वाईट नव्हता. पण उणें आहे हें ऐकण्याची संवयच त्या सभेस नव्हती. १९३० नंतरच्या अवर्षणांत नांगरलेलें कुरण मातीच्या ढगांनीं उडूं लागलें, आणि १९३५ च्या एप्रिलच्या १४ तारखेस भरदिवसां काळोख झाला. १९२२ त सात संस्थानांनीं कोलोराडोचें पाणी वांटून घेतलें, तेंही योगायोगानें भरपूर पावसाचीं वर्षें प्रमाण धरून. नदींत नसलेलें पाणी कागदावर वांटलें गेलें, त्याचा तंटा आज शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाहीं.

जमीन संपली तरी शब्द संपला नाहीं. १८९८ त हवाई बेटें, फिलिपाइन्स, पोर्तो रिको हीं हातीं आलीं. १९३२ त निवडणुकीच्या प्रचारांत फ्रँकलिन रूझवेल्टनें सॅन फ्रॅन्सिस्को येथें स्पष्ट सांगितलें कीं शेवटची शीव केव्हांच ओलांडून झाली, आतां आहे त्याच्या वांटणीचा विचार करूं. मंदीनें पोळलेल्या लोकांनीं तें ऐकून घेतलें. १९६० च्या जुलैच्या १५ तारखेस केनेडीनें नव्या शिवेची घोषणा केली, आणि नऊ वर्षांनीं मनुष्य चंद्रावर उतरला. पुढें १९७९ त, नेमक्या जुलैच्या १५ तारखेसच, जिमी कार्टरनें लोकांस सांगितलें कीं, वस्तु गोळा करून आयुष्यांतील पोकळी भरत नाहीं. प्रथम लोकांस भाषण आवडलें. पुढच्याच वर्षीं उद्यांविषयीं निःशंक असलेल्या रेगननें पन्नासांपैकीं चव्वेचाळीस संस्थानें जिंकून त्यास घरीं बसविलें. कार्टरच्या पराभवास महागाई होती, इराणांतील ओलीस होते, अनेक कारणें होतीं. पण तेव्हांपासून मोठ्या पक्षाचा कोणताही उमेदवार 'पुरें' हा शब्द जपूनच उच्चारतो, असें आमचें निरीक्षण आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें-नातवंडें त्या देशांत घरें करून आहेत. त्यांनीं कोणाची जमीन हिसकावली नाहीं. अभ्यास केला, परीक्षा दिल्या, बोलावणें आलें म्हणून गेलीं. मोठें घर, मग आणखी मोठें घर, हा त्यांच्या पत्रांतील क्रम वाचतांना तोकव्हिलचें निरीक्षण आठवतें एवढेंच. त्यांच्याहून आधीं गेलेल्या आमच्या लोकांस हें दार सताड उघडें नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. १९२३ त सुप्रीम कोर्टानें भगतसिंग थिंद ह्या पंजाबी गृहस्थास, तो गोरा नाहीं म्हणून, नागरिकत्व नाकारलें. आणि कॅलिफोर्नियांत तर नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्यांस शेतजमीन विकत घेण्याचीच बंदी होती. मोकळी जमीन सर्वांस मोकळी नव्हती.

ओक्लाहोमाचें दप्तर मात्र अद्याप बंद झालेलें नाहीं. चेरोकींप्रमाणेंच हांकलून आणलेल्या क्रीक लोकांस तहानें जो मुलूख दिला होता तो काँग्रेसनें कधींच रीतसर मोडलेला नाहीं, म्हणून फौजदारी कायद्यापुरता तो आजही त्यांचाच राखीव मुलूख आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानें २०२० च्या जुलैच्या ९ तारखेस पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. टल्सा शहराचा बराच भाग त्यांत येतो. तेथील कोर्टांनीं पुढें तोच न्याय चेरोकी, चोक्टा, चिकसॉ आणि सेमिनोल यांच्या मुलखासही लावला. संस्थानाचे अधिकारी पुन्हां वर गेले, आणि २०२२ च्या जूनमध्यें, पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं, त्या मुलखांतील काहीं खटल्यांवर संस्थानासही अधिकार आहे असें त्याच कोर्टानें ठरविलें.